पासचे पैसे दुसऱ्यांदा का भरायचे?

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दौंड तालुक्यात दोन रांगा हमखास दिसतात. एक खत-बियाण्यांच्या दुकानापुढे आणि दुसरी एसटीच्या पासखिडकीपुढे. पहिल्या रांगेतला माणूस पिशवीवरचा लॉट नंबर, मुदत, वजन सगळे डोळ्यांखालून घालतो आणि पावती घरी नेऊन फळीवर ठेवतो. बियाणे खोटे निघाले तर हंगाम जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस दुसऱ्या रांगेत पोराचा पास हातात पडला की न बघता खिशात टाकतो. पासात चूक आहे हे मग चार दिवसांनी, भरलेल्या बसमध्ये, कंडक्टरच्या तोंडून कळते. आणि तेही बापाला नाही, पोराला.

खुटबावचेच घ्या. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधले हे स्टेशन. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळे आणि थोड्या अंतरावरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग. इथल्या मुलामुलींना हवी ती शाळा किंवा हवी ती शाखा गाठायला यवत, केडगाव, वरवंड, दौंड अशा कोणत्या तरी दिशेला निघावे लागले, की दप्तरात वह्यांच्या जोडीला एक पास येतो. कोणाचा एसटीचा, कोणाचा रेल्वेचा. घरातल्या इतर कागदांच्या मानाने हा कागद अगदीच किरकोळ वाटतो. सातबारा, रेशनकार्ड, आधार यांच्या पिशवीत त्याला जागा नसते. पण शाळेच्या दिवसांत रोज दोनदा दाखवावा लागणारा घरातला हा एकमेव कागद आहे.

या प्रकरणाचा प्रश्न एवढाच: मुलाचा पास सदोष निघाला, म्हणजे नाव चुकले, गाव चुकले, तारीख चुकली, फोटोवर शाई पसरली किंवा कार्ड यंत्रावर वाचलेच जात नाही, तर पुन्हा पैसे भरून नवा पास काढायचा का? चूक तुमची नसेल तर नाही. हे उत्तर सोपे आहे, खिडकीवर ते पटवून देणे मात्र तितके सोपे नाही. त्यासाठी आपण मुळात पैसे कशाचे भरले हे आधी नीट समजले पाहिजे.

पैसे प्रवासाचे, कार्डाचे नव्हे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२४ मध्ये बसप्रवाशाबद्दल एक साधी अट आहे: योग्य तो पास किंवा तिकीट जवळ असल्याशिवाय कोणी प्रवास करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पास कशाला म्हणायचे तेही सांगितले आहे. फुकट प्रवासाची मुभा देणारा पास त्यात येतो, तसाच पैसे घेऊन ठराविक मुदतीसाठी दिलेला पासही येतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही विकत घेतलेली गोष्ट आहे ती मुदतभराचा प्रवास. पुठ्ठा, प्लॅस्टिक, लॅमिनेशन हा त्या व्यवहाराचा पुरावा. रेशनकार्ड फाटले म्हणून धान्याचा हक्क फाटत नाही, तसेच हे आहे. एसटी महामंडळाने एक महिन्याच्या प्रवासाचे पैसे घेतले आणि पुराव्याचा कागद चुकीचा दिला, तर पुरावा दुरुस्त करून देणे त्याच्याकडे लागते. त्याच महिन्याच्या प्रवासाचे पैसे दुसऱ्यांदा मागायला आधार उरत नाही.

मात्र त्याच कलमातले ‘जवळ असल्याशिवाय’ हे शब्द कंडक्टरच्या बाजूचे आहेत, हेही विसरून चालत नाही. विनातिकीट प्रवासाला कलम १७८ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तिकीट न देणाऱ्या कंडक्टरवरही त्याच कलमाखाली कारवाई होऊ शकते. पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढले आणि चुकीच्या पासावर मुलगा बसलेला सापडला तर जाब कंडक्टरला द्यावा लागतो. म्हणून ‘‘मास्तर, पैसे भरलेत हो आमी’’ हे वाक्य बसमध्ये कितीही खरे असले तरी तिथे निकाल लागत नाही. कंडक्टर पास बनवत नाही आणि दुरुस्तही करू शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात शहाणपण नाही, आणि मुलालाही ते आधीच सांगून ठेवावे. भांडण खिडकीवर करायचे असते आणि तेही कागदाने.

आता पासाच्या पैशांचे गणित. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश रक्कम घरातून जाते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली घर ते शाळा हा प्रवास मोफत आहे. पासविना चढणाऱ्या मुलांमध्येही फरक आहे. पाच ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत असल्याने बारा वर्षांवरच्या मुलीलाही अर्धेच. बारा वर्षांवरच्या मुलाला मात्र पूर्ण.

एक बाजूचे पूर्ण तिकीट २० रुपये आहे असे धरू. पास सदोष ठरला त्या दिवसापासून नववीतल्या मुलाचे रोज ४० रुपये जातात, बहिणीचे २०. जिचा प्रवास सरकारने फुकट ठरवला आहे तिच्याही दप्तरातून रोज वीस रुपये निघतात, आणि ‘‘मुलीचा पास फुकटचाच होता, नुकसान काय झालं?’’ हे खिडकीवरचे उत्तर इथेच खोटे पडते. शाळेचे सहा दिवस म्हणजे आठवड्याला दोघांचे मिळून ३६० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ १४.९५ टक्क्यांची झाली, तेव्हापासून हा फटका आणखी बोचतो. खुरपणीच्या रोजंदारीवर घर चालवणारी आई एवढे पैसे फार दिवस देऊ शकत नाही. मग ती काय करते? दोन दिवस पोराला घरी ठेवते, किंवा गुपचूप पुन्हा पास काढते. सदोष पासाची तक्रार सहसा होत नाही ती यामुळे. रक्कम लहान, डेपो लांब आणि रोजगार बुडतो.

एसटी ही खरे तर या भागाची जुनी सोबती. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी अहमदनगरहून पुण्याला गेली ती शिरूरच्या रस्त्याने, म्हणजे भीमा नदीच्या पलीकडून. त्या नगर जिल्ह्याला आज ज्यांचे नाव मिळाले त्याच अहिल्याबाईंच्या नावाने मुलींचा मोफत पास आहे. या पासामुळे शिकलेल्या मुलींची एक पिढीच ग्रामीण महाराष्ट्रात उभी राहिली, असे मी बेलाशक म्हणेन. म्हणूनच त्या पासातल्या एका चुकीच्या अक्षरावरून मुलगी आठवडाभर घरी बसावी, हे खपवून घेण्यासारखे नाही.

चूक नेमकी कोणाची

पास फुकट बदलून मिळणे हे सगळे एका गोष्टीवर अवलंबून असते: दोष कुठे शिरला. इथे थोडे बारकाईने पाहू.

पहिली जागा म्हणजे खिडकी. अर्जावर ‘यवत’ लिहिलेले, पासवर ‘केडगाव’ पडले. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते. त्यामुळे गावाचे नाव चुकले की नुसते नाव चुकत नाही, टप्पे बदलतात आणि पैसेही बदलतात. गाव आणि गावाचा फाटा यांत घोळ होणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. महामार्गावरची गाडी फाट्यावर थांबते, आत येणारी गाडी गावात थांबते, आणि पासवर यांपैकी एकच थांबा लिहिलेला असतो. मुलगा रोज कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे अर्जावर नेमके लिहिले नसेल तर खिडकीवरच्या माणसाला दोष देता येत नाही. नेमके लिहिले असेल आणि छापताना बदलले असेल, तर ती चूक शंभर टक्के कार्यालयाची.

दुसरी जागा शाळा. जून २०२४ मध्ये एसटीने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली. मुलांनी डेपोत खेटे घालण्यापेक्षा शाळेने यादी द्यायची आणि एसटीच्या माणसांनी शाळेत येऊन पास वाटायचे. योजना चांगली आहे. तिने कित्येक आईबापांचा एक एक दिवस वाचवला. पण चुकीच्या प्रवासाला यात एक नवे स्टेशन जोडले गेले. यादी शाळेच्या कारकुनाने केलेली असते, रजिस्टरमध्ये आडनाव एक, आधारवर दुसरे, आणि जन्मतारीख तिसरीच. यादीतच चूक असेल तर एसटीचा माणूस ‘‘आम्हाला हेच दिलं होतं’’ म्हणणार, आणि ते बरोबरच असेल. अशा वेळी मुख्याध्यापकांकडून दुरुस्तीचे पत्र आणि नवे बोनाफाईड घ्यावे. त्यात ‘शाळेने सादर केलेल्या यादीत नजरचुकीने’ हे शब्द असावेत. मुख्याध्यापक सहसा ते लिहून देतात, कारण त्यात त्यांचे काही जात नाही आणि तुमची जबाबदारी सुटते.

तिसरी जागा म्हणजे खुद्द कार्ड. एसटीने २०१९ मध्ये सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणली. ती बंधनकारक करण्याची मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढत गेली. पण कागदी पासाकडून चिपच्या कार्डाकडे जाण्याची दिशा एकदा धरली ती धरलीच. मेट्रो, बस, रेल्वे यांना मिळून चालेल असे राष्ट्रीय कार्डही मार्च २०१९ मध्येच देशात आले. तेव्हा अशी कार्डे कशाने मरतात हे आईबापांना ठाऊक असलेले बरे.

स्पर्श न करता चालणाऱ्या कार्डात बॅटरी नसते. आत एक तांदळाच्या दाण्याहून लहान चिप असते आणि कार्डाच्या कडेकडेने फिरवलेले तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे असते. यंत्राजवळ नेले की यंत्रातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात वीज तयार होते, त्या विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हा सगळा कारभार १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. तार एका ठिकाणी जरी तुटली तरी चिप कायमची गप्प. वरून कार्ड नवेकोरे दिसते, फोटो स्वच्छ, नाव बरोबर, आणि यंत्र मात्र काही केल्या दाद देत नाही.

आता मुले काय करतात? गळ्यात अडकवायला दोरी हवी म्हणून कार्डाला कडेला पंचने भोक पाडतात. तार जाते ती नेमकी तिथूनच! शाळेतल्या शिपायाने प्रेमाने पाडून दिलेले ते एक भोक कित्येक कार्डांचा जीव घेते. त्याखेरीज कार्डाची पट्टी करून वाऱ्याने उडवणे, बाकाच्या फटीत अडकवणे, मागच्या खिशात ठेवून दिवसभर बसणे. यातला प्रत्येक प्रकार म्हणजे आपल्या हातून झालेले नुकसान, आणि त्याचे पैसे मागितले तर ते द्यावे लागतात. भोक नाही, चीर नाही, मुरड नाही, तरीही कार्ड वाचले जात नाही, तर तो कार्डाचाच दोष धरावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकचे पाकीट घ्या आणि दोरी पाकिटाला बांधा.

कागदी पासाची दुखणी वेगळी. यंत्रातून निघणारी तिकिटे आणि बऱ्याच पावत्या उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. त्या कागदावर शाई नसतेच, वरचा रासायनिक थर तापून अक्षरे उमटतात. असा कागद लॅमिनेशनच्या यंत्रात घातला की सगळाच काळा होतो, आणि उन्हात किंवा पाकिटात राहिला की महिन्या-दोन महिन्यांत कोरा. पावती जपून ठेवली आणि गरजेच्या वेळी पांढरी निघाली, असे अनेकांचे झाले आहे. पावती हातात आल्यावर तिचा मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स, दोन्ही त्याच दिवशी.

चूक कोणाची यावर पैसे ठरवायचे, हे तत्त्व काही आपणच शोधलेले नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे ११ ते १५ वर्षांच्या मुलांना बसप्रवास फुकट असतो आणि त्यासाठी फोटोचे ऑयस्टर कार्ड काढावे लागते. ते कार्ड हरवले किंवा मुलाने मोडले तर नव्यासाठी शुल्क. कार्ड आपोआप बंद पडले तर बदली कार्ड फुकट. हा फरक तिथे छापील नियमात आहे, खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आपल्याकडे तो पालकाला स्वतःच तोंडाने मांडावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते.

खिडकीवर काय बोलायचे

खिडकीवरचा संवाद साधारण असा होतो.

‘‘साहेब, पोराच्या पासावर यवत पायजे होतं, केडगाव पडलंय.’’

‘‘मग नवीन काढा. फॉर्म घ्या, पैसे भरा.’’

बहुतेक पालक इथे फॉर्म घेतात, आणि तिथेच प्रकरण हातचे जाते. नवा फॉर्म भरला की कागदोपत्री जुन्या पासाशी तुमचा संबंध तुटतो आणि तो नवा व्यवहार ठरतो. त्याहून वाईट म्हणजे, फॉर्मवर कारण लिहायची जागा असली की लवकर काम व्हावे म्हणून कोणी तरी सुचवते, ‘‘हरवला लिहा, पटकन होईल.’’ हे कधीही लिहू नका. न हरवलेला पास हरवला म्हणून सही केली की चूक तुमची झाली, पैसेही तुमचेच, आणि उद्या तो मूळ पास कोणाकडे सापडला तर उत्तरही तुम्हीच द्यायचे.

बोलायचे ते असे: ‘‘नवीन नको साहेब, दुरुस्ती पायजे. ही पावती, हा पास, आन् हा भरलेल्या फॉर्मचा फोटो. फॉर्मवर यवतच हाय, बघा की.’’

या वाक्यातली सगळी ताकद शेवटच्या फोटोत आहे. पावती एवढेच सांगते की तुम्ही पैसे भरले. तुम्ही मागितले काय होते हे फक्त अर्ज सांगतो, आणि अर्ज त्यांच्याकडे राहतो. म्हणून पासाचा अर्ज खिडकीत सरकवण्याआधी त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा. दोन सेकंदांचे काम आहे आणि वादाचा निम्मा निकाल त्यात लागतो.

तोंडी बोलून काम झाले तर उत्तमच. पासखिडकीवरच्या माणसाला दिवसाला ढिगाने पास करायचे असतात. तो शत्रू नसतो, आणि गोड बोलण्याने जे होते ते अर्जाने कशाला करायचे? नाही झाले तर स्थानकप्रमुखांकडे, आणि तिथून आगार व्यवस्थापकांकडे जावे. खुटबावच्या बाजूला दौंड आगार, शिरूरच्या बाजूला शिरूर आगार, दोन्ही पुणे विभागात येतात, त्यामुळे आगारात न सुटलेला विषय पुण्याच्या विभाग नियंत्रकांकडे जातो. आगार व्यवस्थापकांना द्यायचा अर्ज फार मोठा नको.

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ,
............ आगार.

विषय: विद्यार्थी पासमधील दोष दुरुस्त करून उर्वरित मुदतीचा पास विनाशुल्क मिळणेबाबत.

महोदय,
माझा पाल्य ............, इयत्ता ......, विद्यालय ............, याचा पास क्र. ........ दि. ........ रोजी रु. ........ भरून काढला आहे (पावती क्र. ........). अर्जात प्रवास ............ ते ............ असा नमूद असताना पासवर ............ ते ............ असे छापले गेले आहे. पास हरवलेला नाही किंवा आमच्याकडून खराब झालेला नाही. तरी दुरुस्त पास पुन्हा शुल्क न आकारता मिळावा. दुरुस्ती होईपर्यंत प्रवासासाठी तात्पुरते पत्र द्यावे. दि. ........ पासून पाल्यास तिकीट काढून प्रवास करावा लागला असून तिकिटांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तेवढ्या दिवसांची मुदत वाढवून मिळावी.

आपला विश्वासू,
............

या अर्जातली तीन वाक्ये गाळू नका. ‘हरवलेला नाही किंवा आमच्याकडून खराब झालेला नाही’ हे पहिले. त्यामुळे विषय दुय्यम प्रतीच्या शुल्काकडे वळत नाही. दुसरे तात्पुरत्या पत्राचे. शिक्का मारलेल्या चार ओळींच्या पत्रावर कंडक्टर निर्धास्त होतो आणि मुलाची शाळा बुडत नाही. तिसरे मुदतवाढीचे. पास सदोष असताना गेलेले दिवस कोणाच्या खात्यात घालायचे हा प्रश्न बहुतेक पालक विचारतच नाहीत, आणि न विचारता कोणी काही देत नाही. रोजची तिकिटे त्यासाठीच ठेवायची, झेरॉक्स काढून.

अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ पास जमा करायला सांगितले तर जमा केल्याचे लिहून घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. मूळ पासही गेला आणि नवाही मिळाला नाही, अशा अवस्थेत अडकलेल्या माणसाजवळ दाखवायला काहीच उरत नाही.

एवढ्यानेही हलले नाही तर दोन रस्ते उरतात. पहिला माहिती अधिकाराचा. महामंडळ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही दहा रुपये माफ असतात. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा मनातला राग त्यात ओतू नका. एवढेच मागा: ‘कार्यालयाच्या चुकीमुळे सदोष निघालेला विद्यार्थी पास बदलून देण्याबाबतच्या परिपत्रकाची प्रत, आणि माझ्या दि. ........ च्या अर्जावर झालेली कार्यवाही.’ बऱ्याचदा यातल्या दुसऱ्या मागणीनेच काम होते. अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडला होता हे लेखी द्यावे लागण्यापेक्षा पास छापून देणे सोपे असते.

दुसरा रस्ता ग्राहक कायद्याचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत वाहतुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याने पैसे दिले तोच नव्हे, तर ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही ग्राहक ठरतो. म्हणजे पैसे बापाने भरले असले तरी प्रवास करणारे पोर कायद्याच्या बाहेर पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मोफत पासाच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. पूर्णपणे फुकट दिलेली सेवा या कायद्यात बसत नाही. मुलींच्या पासाची भरपाई सरकार महामंडळाला करते, तेव्हा ती सेवा फुकट कशी, असा युक्तिवाद करता येईल आणि माझ्या मते तो बिनतोड आहे. तरीही अहिल्याबाई योजनेच्या पासासाठी आयोगाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा विभाग नियंत्रकांचा दरवाजा वाजवणे शहाणपणाचे. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये सुरू केली ती आपल्या पुण्यातच. तिच्या कार्यकर्त्यांचे एक पत्र पुष्कळदा आयोगाइतकेच काम करते.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी थोडे. खुटबावहून पॅसेंजरने शाळा-कॉलेज गाठणाऱ्यांत बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. ही मर्यादा २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात वाढवली गेली. तिथेही शाळेचा दाखला लागतो आणि तिथेही दोन स्टेशनांची नावे व तारीख हेच पासाचे प्राण. पुण्याच्या शहर बससेवेचे, म्हणजे पीएमपीचे, पास वेगळे, नियम वेगळे. एसटीचा पास तिथे चालत नाही आणि तिथला इथे नाही. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावरून धावत असल्या की मुले इथेच फसतात आणि पास सदोष आहे असे घरी येऊन सांगतात. तेव्हा तक्रारीला निघण्यापूर्वी मुलगा नेमका कोणत्या गाडीत चढला होता, ते विचारून घ्यावे.

पास खरोखरच हरवला असेल, पावसात दप्तरासकट भिजून लगदा झाला असेल, तर दुय्यम प्रतीचे जे काही शुल्क असेल ते निमूटपणे भरावे. तिथे ‘कार्यालयाची चूक’ म्हणून आवाज चढवणारे पालकही असतात, आणि त्यांच्यामुळे खरी तक्रार घेऊन येणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते.

राहता राहिली एक विनंती, आणि ती पालकांना नाही, आगार व्यवस्थापकांना आणि मुख्याध्यापकांना आहे. पासखिडकीच्या काचेवर आणि शाळेच्या सूचनाफलकावर दोन ओळी मोठ्या अक्षरांत लावा: कार्यालयाच्या चुकीमुळे सदोष निघालेला पास विनाशुल्क दुरुस्त करून मिळेल, आणि तो कोणाकडे व किती दिवसांत मिळेल. येत्या जूनमध्ये पास वाटपाला माणसे शाळेत येतील तेव्हा सोबत एक कोरे रजिस्टरही आणावे. मुलांनी पास तिथल्या तिथे वाचावेत, चुका त्याच रजिस्टरमध्ये लिहाव्यात, आणि दुरुस्त पास शाळेतच पोचवावेत.